एकशे चाळीस फेरे

वैद्यबुवांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी घरातलं कुठलंही फिरणारं यंत्र त्यांच्या तावडीतून सुटत नसे. कपडे धुण्याचं मशीन पिळायला लागलं की ते हातातला पेपर टाकून उठत, उजवा तळवा मशीनच्या कडेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत. बायको म्हणे, "अहो, कपडे धुतंय ते. बाळंत होत नाहीये." त्यावर ते गंभीर चेहऱ्यानं सांगत, की मागचा डावा पाय जरा सैल आहे. आणि तो खरंच सैल निघे, हेच बायकोला जास्त झोंबायचं.

ते काही औषधं देणारे वैद्य नव्हते. आयुष्यभर त्यांनी तेलासाठी समुद्राच्या तळाला भोकं पाडली. त्यांच्या जहाजाच्या मधोमध एक उंच लोखंडी मनोरा होता. त्या मनोऱ्यातून पाइपाला पाइप जोडत खाली सोडायचा, नऊशे मीटर पाणी ओलांडून तळाला टेकवायचा आणि वरून गरागरा फिरवायचा. हा पाइप फिरवणारा माणूस म्हणजे ड्रिलर. समोर डझनभर काटे आणि तबकड्या असत, पण वैद्यबुवांचा भरवसा ब्रेकच्या दांड्यावर. त्या दांड्यावर तळवा ठेवला की खाली पाइपाचं काय चाललंय ते त्यांना कळे, आणि काटा हलायच्या आधी कळे. नाडी बघतो म्हणून जहाजावरच्या लोकांनी त्यांचं नाव वैद्य पाडलं. पुढे केस पिकले तसं त्याला बुवा चिकटलं, आणि खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं.

एका मंगळवारी त्यांच्या लेकीचा फोन आला. ती पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत इंजिनिअर होती.

"बाबा, गुरुवारी मोकळे आहात का?"

"निवृत्त माणसाला असं विचारून लाजवू नये."

"मग या आमच्याकडे. मला तुमचा हात हवाय."

प्रकरण असं होतं. तेलाच्या विहिरीचं सगळ्यात वरचं भोक पाडताना पाइप समुद्रात उघडाच असतो. पुढे त्याच्याभोवती एक जाड नळी बसवतात, पण पहिले काही दिवस तो नऊशे मीटर पाण्यातून तसाच, अंगावर काहीही न घेता फिरत असतो. अशा फिरत्या पाइपावर समुद्राचा प्रवाह आदळला तर काय होतं, यावर लेक दोन वर्षं काम करत होती. आकडे तिच्याकडे ढीगभर होते. पण तिच्या हौदातली थरथर आणि जहाजावर खऱ्या ड्रिलरच्या हाताला लागणारी थरथर सारखीच का, हे सांगणारा माणूस तिला मिळत नव्हता. हल्लीचे ड्रिलर गुबगुबीत खुर्चीत बसून पडद्याकडे बघतात. हातानं बघणारे जवळपास संपले होते, आणि उरलेल्यांतला एक तिच्याच घरी पेपर वाचत बसलेला.

वैद्यबुवांना आभाळ ठेंगणं झालं. बुधवारी त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. गुरुवारी बूट पुसताना बायको म्हणाली, "मुलगी बघायला निघालात का?"

"मुलीलाच बघायला निघालोय," ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांना असं चटकन उत्तर सुचलं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक, उंच छपराची खोली होती. आत ओल्या सिमेंटचा आणि ग्रीसचा वास. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेच्या भिंतींचा एक हौद, चांगला तीस पावलं लांब. एका बाजूचे पंप पाणी ढकलत, दुसऱ्या बाजूनं ते परत येई, आणि मधे समुद्राचा एक तुकडा आणून ठेवल्यासारखा संथ प्रवाह चालू राही. हौदाच्या मध्यावर लोखंडी चौकट होती, तिच्यातून बोटाएवढा जाड पाइप पाण्यात सोडलेला, खालचं टोक हौदाच्या तळाशी एका भोकात. वर मोटर. आणि चौकटीला लेकीनं मुद्दाम बसवून घेतलेला एक लोखंडी दांडा.

तो दांडा बघून वैद्यबुवा जागीच थबकले. लांबी, वाक, मुठीजवळचा जाडसरपणा, सगळं तसंच होतं.

"तुला कसं माहीत?"

"लहानपणी तुम्ही जेवणाच्या टेबलावर चमच्यानं काढून दाखवायचात. शंभर वेळा तरी दाखवला असेल," लेक म्हणाली. "ठेवा हात. मी पंप सुरू करते. पाइप आधी हळू फिरेल."

त्यांनी तळवा ठेवला. पाणी हललं. काही क्षण काहीच नाही, मग दांड्यातून ती आली. बारीक, एकसारखी, तळव्याच्या मधोमध गुदगुल्या करणारी थरथर. वैद्यबुवांचे डोळे आपोआप मिटले.

"हीच," ते म्हणाले.

ती थरथर का येते हे त्यांना पुस्तकातून कधी कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. प्रवाह पाइपाला वळसा घालून पुढे जातो तेव्हा मागे भोवरे सोडतो, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि प्रत्येक भोवरा सुटताना पाइपाला चिमटा काढून जातो. नऊशे मीटर खोल पाण्यातले ते चिमटे त्यांनी या एका तळव्यावर मोजले होते. आता ते परत लागले तसं सगळं जहाजच हाताला लागलं. सकाळच्या पाळीचा भोंगा, रंगाचे पापुद्रे सुटलेला जिना, खानावळीतला तो कायम डुगडुगणारा बाक, अंगाला आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत येणारा, पाइपातून भोकात सोडायच्या चिखलाचा वास. आणि खुंटा. खुंट्याशिवाय त्यातलं काहीच पुरं होत नव्हतं.

खुंटा त्यांचा मित्र. मित्र हा शब्दही तोकडा पडावा असा. त्या जहाजाला नांगर टाकता येत नसे, पाणी फार खोल. चारी बाजूंचे पंखे कमीजास्त फिरवून जहाज भोकाच्या बरोबर वर धरून ठेवावं लागे. ते काम खुंट्याचं. वारा येवो, लाटा येवोत, हा माणूस जहाज खुंट्याला बांधल्यासारखं जागेवर ठेवी, म्हणून ते नाव. वरच्या केबिनमधे खुंटा, खालच्या केबिनमधे वैद्य, मधे एक फोन. त्या फोनवर दोघांचा एक रिवाज होता, कुठल्याही नियमात न लिहिलेला. वैद्यानं पाइपाचे फेरे बरेच बदलले की वर कळवायचं, आणि खुंट्यानं जहाज हलवलं की खाली कळवायचं. फोन उचलला की खुंटा आधी विचारी, "काय वैद्यबुवा, पेशंट काय म्हणतोय?" सुट्टीवर आले की दोघं एकमेकांच्या घरी पडीक. लेकीला सायकल शिकवली ती खुंटेकाकांनीच, बापानं नाही. बाप नुसता गुडघ्यांना लावायचं औषध घेऊन उभा असे.

मग ती दुपार आली. सव्वीस वर्षांपूर्वीची.

पाइप उघड्या पाण्यात फिरत होता, मिनिटाला ऐंशी फेरे. जेवणानंतर प्रवाह वाढला. खुंट्यानं खाली कळवलं, की प्रवाहानं पाइप मागे वाकू नये म्हणून तो जहाज प्रवाहाच्या तोंडाकडे बारा मीटर सरकवतोय. हिशोब चोख होता. तळाशी कॅमेऱ्याचं यंत्र असे, पण ते त्या प्रवाहात टिकेना म्हणून वर घेतलं होतं. दोनच्या सुमाराला वैद्यबुवांच्या तळव्याला जोराची थरथर लागली. हात शांत होईपर्यंत फेरे बदलायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी फेरे वाढवत नेले. शंभर, एकशे वीस. एकशे चाळीसला थरथर अशी थांबली, जणू कुणी हातानं धरून गप्प केली. सगळ्या जहाजावर हे कुणाला जमलं नसतं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

त्यांनी फोनकडे हात नेला, आणि मागे घेतला. आता नको, संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगू, खुंट्याचा चेहरा बघत सांगू, असं त्यांच्या मनात आलं. एवढंच. एवढ्याशा फुशारकीपायी तो फोन राहिला.

साडेचारला पाइप तळापाशी तुटला. माणूस कुणी दगावला नाही, पण खालचं सगळं सामान भोकात अडकून पडलं, बारा दिवसांची मेहनत पाण्यात गेली आणि ते भोक कायमचं सोडून द्यावं लागलं. किनाऱ्यावर चौकशी बसली. टेबलापलीकडे तीन माणसं. पाइप थरथरत होता का? नाही, शांत होता. खात्री आहे? माझ्या हाताची खात्री आहे. मग जहाज जागेवर होतं का? वैद्यबुवा म्हणाले, "ते माझं काम नाही."

फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या कागदावर उमटलेला होताच, आणि तो ठरलेल्या मर्यादेत होता, म्हणून त्याबद्दल कुणी विचारलं नाही. वैद्यबुवांनीही आपणहून सांगितलं नाही. पाइप शांत होता म्हणजे फिरवणाऱ्याची चूक नाही, म्हणजे जहाज धरणाऱ्याची असणार, असा सरळ निकाल लागला. खुंट्याला जहाजावरून उतरवलं. बंदराच्या गोदामात दोरखंड आणि साखळ्या मोजायला बसवलं. ज्याला समुद्राशिवाय झोप लागत नसे तो माणूस निवृत्त होईपर्यंत चार भिंतींत बसला. दोघांच्यात भांडण असं झालंच नाही. खुंटा यायचा थांबला, आणि तो रागावला असणार असं समजून वैद्यबुवांनी जायचं धाडस केलं नाही. लेकीला सांगितलं, काकाची बदली झाली. आणि स्वतःला सांगितलं, की मी खोटं कुठे बोललो? पाइप शांतच होता. सव्वीस वर्षं त्या एका वाक्यावर त्यांनी निभावून नेलं होतं.

"बाबा?" लेक विचारत होती. "जहाजावर अशी थरथर आली तर तुम्ही काय करायचात?"

"थांबवायचो."

"मग थांबवा." तिनं एक गोल बटण त्यांच्यापुढे सरकवलं. "हे फेऱ्यांचं."

वैद्यबुवांनी बाह्या सरसावल्या. डावा हात बटणावर, उजवा दांड्यावर. डोळे मिटून ते फेरे वाढवत गेले. थरथर आधी चिडली, मग अडखळली, मग गेली. तळव्याखाली लोखंड थंड आणि गप्प. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की लेकीला क्षणभर तिच्या लहानपणीचे, सुट्टीवर घरी आल्या आल्या दारातच तिला उचलून घेणारे बाबा दिसले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "याला म्हणतात हात."

"हात काढू नका," लेक म्हणाली. "तसाच ठेवा. आता फक्त डोळे उघडा आणि काचेतून बघा."

त्यांनी बघितलं. पाइप थरथरत नव्हता. पण तो सरळही नव्हता. प्रवाह ज्या दिशेनं जात होता त्या दिशेला नाही, तर आडवा, डावीकडे, चांगला वीतभर झुकला होता. पोटात बाक आला होता, आणि खाली जिथे तो भोकात शिरत होता तिथे तिरका अडकून फिरत होता. प्रत्येक फेऱ्याला तेवढीच जागा इकडून वाकत होती, तिकडून वाकत होती.

"फिरणारा पाइप आपल्याबरोबर पाणी ओढतो," लेक सांगत होती. तिला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे ती उत्साहानं सांगत होती. "एका बाजूला पाणी धावतं, दुसऱ्या बाजूला तुंबतं, मग पाइप ढकलला जातो. प्रवाहाच्या दिशेत नाही, आडवा. आणि गंमत अशी, की जेवढं जोरात फिरवाल तेवढे भोवरे बंद होतात. वर हाताला एकदम शांत लागतं, आणि खाली तार वाकवून वाकवून तोडतात तसं चाललेलं असतं. याची ड्रिलरला कल्पनाच येऊ शकत नाही. हाच तर माझा मुद्दा आहे, बाबा. शांत झाला म्हणजेच... बाबा? बसता का जरा?"

वैद्यबुवा बसले. हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला होता, आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"बारा मीटर पुढे घेतलं जहाज," ते पुटपुटले. "बरोबरच होतं त्याचं. पुढेमागे अगदी बरोबर होतं. पाइपच आडवा गेला."

"कुणाचं बरोबर होतं?"

"तुला खुंटेकाका आठवतो?"

लेकीला आठवत होता. सायकलच्या मागे धावताना धापा टाकत गाणं म्हणणारा. वैद्यबुवांनी तिला सगळं सांगितलं, फोनकडे नेलेला आणि मागे घेतलेला हात धरून. ते सांगताना पंप चालूच होते, आणि काचेपलीकडे तो पाइप डावीकडे झुकून शांतपणे फिरत होता. सगळं झाल्यावर लेकीनं एवढंच विचारलं, "आणि काकाला वाटत राहिलं, की जहाज त्याच्या हातून हललं?"

"मला वाटतं त्याला माझा राग आहे."

"मी काय विचारलं, बाबा?"

घरी आल्यावर त्यांनी बायकोलाही सांगितलं. वाटलं होतं ती समजूत घालेल. पण ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं बाजारात त्याची बायको दिसली की मी रस्ता बदलते. तुमच्यापायी. माझी किती चांगली मैत्रीण होती ती, विचारलंत कधी?" सुरी खाली ठेवून तिनं हात पुसले. "उद्या सकाळी जा. आणि माझ्याकडे असं तोंड करून बघू नका, मी काही बरोबर येणार नाही."

रात्रभर वैद्यबुवांनी शब्द जुळवले. समुद्रात वादळं बघितलेल्या माणसाला एका जिन्याची भीती वाटत होती.

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर खुंट्याचं घर. दार त्यानंच उघडलं. पार वाळला होता. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. वैद्यबुवांनी रागाची तयारी केली होती, शिव्यांची केली होती, तोंडावर दार आपटलं जाईल याचीही केली होती. पण खुंट्याचा चेहरा पडला, आणि तो शाळेत पकडल्यासारखा बाजूला सरकला.

"ये," तो म्हणाला. "येशील कधीतरी, हे माहीत होतं मला. बस. ही गेलीये खाली."

खोली लहान होती, खिडकीतून क्रेनची टोकं दिसत होती. टेबलावर वह्यांची चळत. एक उघडी होती, पानभर आकडे, बाण, खोडाखोड. जहाजाचं चित्र तर वैद्यबुवांना लांबूनही ओळखू आलं.

"हे काय?"

"त्या दिवसाचं," खुंटा म्हणाला. वही बंद करावी की पुढे करावी हे त्याला कळेना. "मला वाटायचं, तू एक दिवस येशील आणि विचारशील, की लेका, कुठे चुकलास? तेव्हा निदान उत्तर तरी हातात असावं. पण अजून सापडलेलं नाही रे. वारा घातला, लाटा घातल्या, पंख्यांचा उशीर घातला. दर वेळी जहाज जागेवरच येतं. काहीतरी सुटतंय माझ्याकडून." त्यानं मान खाली घातली. "तुझा पाइप मी तोडला. मला यायला तोंडच नव्हतं तुझ्याकडे."

वैद्यबुवांचे रात्रभर जुळवलेले शब्द वाया गेले. हा माणूस रागावलाच नव्हता. सव्वीस वर्षं तो लाजत बसला होता.

"तुला एकदाही वाटलं नाही," ते कसेबसे म्हणाले, "की माझीही चूक असेल?"

"तुझी कशी असेल? तू सांगितलंस ना, पाइप शांत होता." खुंट्याच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. "तुझ्या हाताला शांत लागला म्हणजे शांतच असणार. मग उरलं कोण? मीच."

"खुंट्या, मी फेरे वाढवले होते."

"असतील थोडे."

"ऐंशीचे एकशे चाळीस. दोन वाजता. तुला फोन केला नाही. चहाच्या वेळी बढाई मारायची होती, म्हणून नाही केला. आणि चौकशीत कुणी विचारलं नाही, म्हणून तिथेही बोललो नाही."

मग वैद्यबुवांनी हौदातलं सांगितलं. फेरे वाढले की थरथर कशी बंद होते, आणि पाइप कसा प्रवाहाला सोडून आडवा जातो. लेकीनं सांगितलं त्याच शब्दांत सांगितलं, कारण स्वतःचे शब्द त्यांच्याकडे उरले नव्हते.

"आडवा?" खुंट्यानं वही पुढे ओढली. कानावरची पेन्सिल काढली. "कुठल्या बाजूला?"

"प्रवाहाच्या डावीकडे."

खुंट्यानं एक बाण काढला. त्याच्याशेजारी एकशे चाळीस लिहिलं, खाली प्रवाहाचा वेग लिहिला. तो आकडा त्याला वही न बघताही पाठ होता. पेन्सिल भराभर चालू लागली, ओठ हलू लागले. पानाच्या तळाशी येऊन तो थांबला, पुन्हा वरपासून बोट फिरवत खाली आला. आणि एकदम त्याचा सगळा चेहरा उजळला.

"डावीकडे! अरे, डावीकडे! बसलं की रे सगळं! बघ, बघ, जहाज जागेवरच आहे. मी जागेवरच होतो. मी पुढेमागेच बघत बसलो इतकी वर्षं, आडवं कुणाच्या डोक्यात येणार! वैद्या, मी जागेवरच होतो!" त्यानं वैद्यबुवांचा दंड धरून गदागदा हलवला. वैद्यबुवांना हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि क्षणभर दोघं जहाजावरच्या खानावळीत असावेत तसे एकमेकांना धरून उभे राहिले.

मग खुंट्याचा हात सैल झाला. तो खाली बसला. वहीकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू फोन केला असतास तर मी विचारलं असतं, एवढे फेरे कशाला. प्रवाह असला तरी पाच मिनिटं कॅमेरा खाली सोडायला लावला असता. दिसलं असतं आपल्याला."

"हो."

"आणि नंतर सांगितलं असतंस तरी. पुढच्या आठवड्यात. पुढच्या वर्षी. एवढा एक आकडा, वैद्या. मी गोदामात साखळ्या मोजत होतो आणि रात्री घरी येऊन हे मांडत होतो. पोरं आईला विचारायची, बाबा रात्रभर काय करतात."

वैद्यबुवांनी माफ कर म्हणायला तोंड उघडलं. खुंट्यानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"आता तू जा."

"खुंट्या..."

"जा म्हणतो ना. मला रागवायचंय. आजवर फक्त स्वतःवरच रागवत आलोय, तुझ्यावर कसं रागवायचं ते मला माहीत नाही, आणि तू समोर असलास की ते जमायचंही नाही."

वैद्यबुवा उठले. दारापाशी जाऊन त्यांनी बूट चढवले. नाडी तशीच सोडून ते उभे राहिले. पाठमोऱ्या खुंट्याला त्यांनी विचारलं, "उद्या येऊ?"

खुंट्यानं पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. मग वळून न बघताच म्हणाला, "परवा ये. एका दिवसात उरकायचं नाही हे."